मुलाखत गुणांची की गरजेची?



आपल्या रेल्वे क्वार्टरांत आणि टपाल वसाहतींत नर्सिंग शिकणारी मुलगी ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बाप पोस्टमन, ट्रॅकमन किंवा आर.एम.एस.मध्ये सॉर्टर. पी.एफ.मधून उचल घेऊन, सोसायटीचे कर्ज काढून त्याने मुलीला चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंग शिकवलेले असते. नर्सला नोकरी हमखास, अशी त्याची समजूत. ती खोटी नाही. नोकरी मिळते. पण ती किती पगारावर मिळते आणि आत शिरताना कोणत्या कागदावर सही करावी लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

त्यात आता आणखी वरची पायरी आली आहे. 'नर्स प्रॅक्टिशनर' ही कल्पना १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाली. आपल्या देशात भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता सेवेसाठी या नावाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर निदान एक वर्ष वॉर्डात काम केलेल्यांना तिथे प्रवेश. त्यात पुस्तकी भाग थोडा, बाकी सारे शिक्षण रुग्णाच्या खाटेशेजारी. अत्यवस्थ रुग्ण तपासणे, व्हेंटिलेटर सांभाळणे, रुग्णालयाने ठरवून दिलेल्या स्थायी आदेशांनुसार औषधे देणे हे तिचे काम. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तर नर्स प्रॅक्टिशनरचा संवर्ग उभा करण्याला पाठिंबाच दिला. म्हणजे चार वर्षे, मग एक, मग आणखी दोन. एकूण सात वर्षे शिकून-राबून तयार झालेली ही मुलगी हातात पदवी घेऊन नोकरी शोधायला निघते.

आणि जाते कुठे? रेल्वे भरती मंडळाची २०२५ ची पॅरामेडिकल जाहिरात काढून पाहा. पदे ४३४, त्यांपैकी नर्सिंग सुपरिंटेंडंट २७२. पात्रता जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग. नर्स प्रॅक्टिशनर नावाचे पदच त्या यादीत नाही. धोरण दिल्लीत लिहिले, अभ्यासक्रम दिल्लीत मंजूर झाला, आणि केंद्र सरकारच्याच रेल्वेला त्या शिक्षणाचे नाव ठाऊक नाही! ज्या सरकारने शिडी लावली, त्यानेच वरचा मजला बांधलेला नाही.

तरीही रेल्वेची ही जागा सोन्यासारखी आहे, हे आपण जाणतो. सातव्या वेतन आयोगाची सातवी पातळी, सुरुवातीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये, महागाई भत्ता आणि नर्सिंग भत्ता वेगळे. शिवाय तिथे मुलाखत नाही. केंद्रातल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. संगणकावर परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि नेमणूक. पण ही जाहिरात निघते कधी? २०१९ मध्ये निघाली, त्यानंतर थेट २०२४ मध्ये. २०२० साली पास झालेल्या मुलीने ही चार वर्षे काय खायचे होते? करोनाच्या साथीत रेल्वेच्या अनेक विभागांनी परिचारिका घेतल्या, त्या काही महिन्यांच्या कंत्राटावर. साथीत फुले उधळली, साथ ओसरली तशी कंत्राटेही आटोपली.

म्हणून ती खाजगी रुग्णालयाच्या दारात उभी राहते. तिथे मात्र मुलाखत असते. माझ्या माहितीतल्या एका सॉर्टिंग असिस्टंटच्या मुलीला एका मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटरविषयी एकच प्रश्न विचारला गेला. उरलेले प्रश्न असे : लग्न ठरले आहे का? घर कुठे? सलग रात्रपाळ्या जमतील ना? परदेशात जायचा विचार आहे का? शेवटी सांगितले, "प्रॅक्टिशनर वगैरे आमच्याकडे नाही, स्टाफ नर्स म्हणून या." काम मात्र अतिदक्षता विभागातच, प्रॅक्टिशनरचेच. याला आम्ही मुलाखत म्हणत नाही. गुरांच्या बाजारात निदान दात तरी नीट पाहतात.

पगाराचे विचाराल, तर सर्वोच्च न्यायालयाला यात लक्ष घालावे लागले आहे. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितले. समितीने शिफारस केली, ती प्रत्येक बापाने पाठ करून ठेवावी. २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात त्या राज्यातल्या सरकारी परिचारिकेएवढाच पगार. १०० ते २०० खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. ५० खाटांच्या आत कुठेही २०,००० च्या खाली नाही. वीस हजारांची ही रेघ मारावी लागली, त्यावरूनच तिच्याखाली किती जणी असतील याचा अंदाज करा. पण शिफारस ती शिफारसच. केंद्राने ती राज्यांकडे पाठवली आणि बहुतेक राज्यांनी फायलीत ठेवली. केरळमध्ये ती फायलीतून बाहेर आली, कारण तिथल्या परिचारिका संघटित होऊन संपावर गेल्या. एप्रिल २०१८ मध्ये त्या सरकारला २०,००० रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचना काढावी लागली. महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकाही मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून भरती करण्याविरुद्ध संपावर उतरल्या होत्या. त्यांच्या जागा ठेकेदाराच्या हाती गेल्या, तर आपल्या मुलींनी अर्ज करायचा कोणाकडे? तेव्हा त्या आपल्याही मुलींसाठीच लढत होत्या, हे आपल्यातल्या किती जणांच्या ध्यानात आले?

आता बाँड आणि मूळ प्रमाणपत्रे. नोकरीवर घेताना पदवी, गुणपत्रिका आणि परिचर्या परिषदेचे नोंदणीपत्र मूळ प्रतीत ठेवून घ्यायचे आणि मुलगी सोडून जाऊ लागली की पैशांची मागणी करायची, हा धंदा अजून चालतो. मूळ प्रमाणपत्र हे तारण नव्हे. दाखवावे, पडताळून घेऊ द्यावे, साक्षांकित प्रत द्यावी आणि मूळ परत घेऊन यावे. बाँडवर सही झाली असलीच तरी घाबरून जाऊ नये. बाँडमध्ये लिहिलेली रक्कम ही करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कमाल मर्यादा असते. न्यायालय देववते ती वाजवी भरपाई, मालकाच्या मनातला आकडा नव्हे. सही करण्याआधी तो कागद युनियन ऑफिसात आणून दाखवला तर अधिक बरे. आपल्या सेक्रेटरीला चार्जशीट वाचता येते, तर बाँडही वाचता येईल.

मुलीला एवढे जरूर शिकवा, की मुलाखतीत प्रश्न विचारायचा हक्क तिलाही आहे. माझ्या नेमणुकीच्या कागदावर पदाचे नाव काय असेल? अतिदक्षता विभागात एका पाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण? स्थायी आदेश लेखी आहेत की तोंडी? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. डॉक्टरने फोनवर सांगितलेले औषध तिने दिले आणि काही विपरीत झाले, तर मान तिची अडकते. नियुक्तिपत्र मागताना तर मुळीच लाजू नये. २१ नोव्हेंबर २०२५ ला अमलात आलेल्या श्रमसंहितांना आपला विरोध आहे तो आहेच, पण नियुक्तिपत्र देण्याचे बंधन त्यांतच लिहिले आहे. मालक त्यांतली आपल्या सोयीची कलमे वापरणारच, मग आपण हे कलम का सोडावे?

भोपाळ, इटारसी, जबलपूरकडच्या बांधवांसाठी एक सूचना. मुलगी मध्य प्रदेशात शिकली आणि नोकरी पुण्या-मुंबईत धरणार असेल, तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो. मुलाखतीचे बोलावणे येण्याची वाट पाहू नका, अर्ज आधीच टाका.

राहिला आपल्या कामाचा भाग. प्रत्येक विभागीय शाखेने येत्या पी.एन.एम.च्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घालाव्यात. आपल्या विभागाच्या रेल्वे रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, रिकामी किती, आणि कंत्राटावर किती जणी, याचे आकडे लेखी मागावेत. अतिदक्षता विभाग असलेल्या रेल्वे रुग्णालयांत नर्स प्रॅक्टिशनरची पदे निर्माण करण्याची मागणी नोंदवावी. आणि दर वर्षी ठरलेल्या महिन्यात भरतीची जाहिरात काढण्याचा आग्रह धरावा. टपाल शाखांना रेल्वे रुग्णालय नसले तरी मुली आहेत. त्यांनी आपल्या मासिक सभेत याच मागण्यांना पाठिंब्याचा ठराव करून त्याची प्रत जवळच्या रेल्वे शाखेकडे पाठवावी. लेखी आकडे हाती येतील, ते या पानावर छापण्यासाठी आमच्याकडे धाडावेत.