तंबूपुरती जमीन

रत्नागिरी जिल्ह्याला सुमारे १६७ किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. एवढ्या किनाऱ्यावर चाळीस मुलामुलींचे तीन दिवसांचे शिबिर भरवावयाचे झाल्यास, शेतमजुराच्या मुलालाही परवडेल अशी मुक्कामाची जागा कोठे मिळेल? या प्रश्नाचे उत्तर कार्यकर्त्याला आजही ओळखीपाळखीतूनच शोधावे लागते.

तंबू हे मुळात काटकसरीचे साधन. आता तोच तंबू गादी, पंखा आणि माशांच्या थाळीसह विकला जातो. वस्तुतः समुद्रकिनारा हा कोणाच्या खाजगी मिळकतीचा भाग नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात १९९६ साली, अशा नैसर्गिक संपत्तीचे शासन हे केवळ विश्वस्त आहे, असे स्पष्ट केले. महाराष्ट्र शासनाने २०२० साली चौपाटी कुटींचे धोरण ठरविले, तेव्हा गुहागर व आरे-वारे या किनाऱ्यांची त्यासाठी निवड केली. त्यातून स्थानिकांना रोजगार मिळत असेल तर तक्रारीचे कारण नाही. परंतु विकणाऱ्यासाठी जागा आखून देता येते, तर मुक्कामाला येणाऱ्या गरीब विद्यार्थ्यासाठी का नाही?

मात्र ‘फुकट जागा’ या शब्दाने फसू नये. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. शिबिरांचा हंगामही नेमका तोच. चाळीस माणसांचे पिणे, स्वयंपाक, आंघोळ आणि शौचालय यांचे पाणी कोणत्या तरी विहिरीतून उपसले जाणार. मागे राहिलेला कचरा कोणी तरी उचलणार. शिबिरार्थीला जे फुकट, त्याचा भार गावावर, आणि गावात तो बहुधा बायकांच्या डोक्यावर. म्हणून शुल्क असावे, ते अल्प असावे आणि ते ग्रामपंचायतीकडे जमा व्हावे.

नॉर्वेने १९५७ च्या कायद्याने मोकळ्या, लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर तंबू ठोकण्याचा हक्क सर्वांना दिला. राहत्या घरापासून दीडशे मीटरचे अंतर राखावे, अशी त्यात अट आहे. कोकणात हे जसेच्या तसे आणता येणार नाही. येथे एकेका सातबाऱ्यावर डझनावारी हिस्सेदार, आणि मोकळा दिसणारा सडा तरी मोकळा कोठे असतो? त्यावर गुरे चरतात, उन्हाळ्यात वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते, आणि उक्षी, कशेळी यांसारख्या गावांच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. तेथे चूल मांडणे हा अपराधच समजावा.

त्याहून सोपा मार्ग हाताशी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा मे महिन्यात आणि दिवाळीत रिकाम्या असतात. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळांच्या इमारती तर बारमाही रिकाम्या. छप्पर, पडवी, मैदान, बहुतेक ठिकाणी पोषण आहाराची स्वयंपाकाची खोली: शिबिराला आणखी काय हवे? वेळासच्या ग्रामस्थांनी कासवांच्या निमित्ताने येणाऱ्यांना आपल्या घरांतच उतरवून घेतले आणि पैसा गावात राहिला. शाळेच्या पडवीत मुक्काम आणि गावातल्या घरांतून जेवण, अशी जोड घालणे अवघड नाही.

देवळाचा सभामंडप व भक्तनिवास हे जुने आधार आहेतच. पण तेथे जागा मागताना आडनावाकडे पाहिले जाणार नाही, याची हमी हवी. सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्यास १९२३ साली मान्यता दिली. १९५५ च्या कायद्याने धर्मशाळेत अस्पृश्यतेवरून मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. शाळेच्या इमारतीबाबत तर हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नाही, आणि तिचा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण आहे.

शाळा देण्यास जिल्हा परिषदेची अनुमती लागेल, परंतु मागणी गावाकडून गेली पाहिजे. पाण्याची मर्यादा, शुल्क आणि सफाईची जबाबदारी यांसह तसा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडला, तर दिवाळीच्या सुटीतील पहिल्या शिबिरापूर्वी कागदपत्रांना दोन-अडीच महिने मिळतात.