मुका ध्वनिक्षेपक आणि ग्राहकाचा संकोच

नंदुरबारात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी दिवाळीत बिनतारी स्पीकर विकत घेतला. घरच्या वायफायवर चालणाऱ्या या यंत्रावर सकाळी अभंग ऐकावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. परंतु तीन संध्याकाळी खटपट करूनही यंत्र वायफायशी जोडले जाईना. दुकानदाराने इंटरनेटवाल्याकडे बोट दाखविले, इंटरनेटवाल्याने स्पीकरकडे. अखेरीस गुरुजी खिन्नपणे म्हणाले, ‘‘या वयात आम्हांला हे जमायचे नाही.’’ यंत्राच्या मौनापेक्षा हे वाक्य मला अधिक बोचले.

कारण दोष वयाचा नव्हताच. घरातील राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर लहरी सोडतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी संथ, पण भिंती ओलांडून दूर जाणाऱ्या. 5 गिगाहर्ट्झच्या वेगवान, पण लवकर क्षीण होणाऱ्या. अनेक स्वस्त स्पीकर पहिलाच पट्टा ओळखतात. गुरुजींच्या राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होते आणि त्यांचा मोबाइल दुसऱ्या पट्ट्यावर होता. माझ्या एका विद्यार्थ्याने पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली, मोबाइल पहिल्यावर आणला आणि दहा मिनिटांत अभंग सुरू झाला. अन्य घरी कारण निराळे असते. कोठे राउटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि स्पीकर जुनाच धरून बसतो. त्यास रीसेट करून नवा द्यावा लागतो. कोठे मोबाइल पाहुण्यांसाठी राखलेल्या जोडणीवर असतो आणि तेथे उपकरणांना परस्परांशी बोलण्याची मुभा नसते.

विक्रेत्यास जे ठाऊक असते ते ग्राहकास नसते, आणि त्यामुळे सारा बाजारच कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. 2001 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. गुरुजींच्या तीन संध्याकाळी हीदेखील त्या स्पीकरची किंमतच होती. मात्र ती खोक्यावर छापलेली नव्हती. खोक्यातील बारीक इंग्रजी पत्रकात पट्ट्यांचा उल्लेखही नव्हता.

प्रत्येक घरची रचना वेगळी, निर्मात्याने किती सांगावे, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु ‘हे यंत्र फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालते’ हे एक वाक्य मराठीत छापण्यास असा कितीसा खर्च येणार? ते छापले जात नाही, कारण संकोचलेला ग्राहक तक्रार करीत नाही. जेथे तो बोलतो तेथे चित्र पालटते. सोनॉस या अमेरिकी स्पीकर कंपनीने मे 2024 मध्ये आणलेल्या नव्या ॲपमुळे ग्राहकांची मोठी गैरसोय झाली. त्यांनी आवाज उठविला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांनी पद सोडले.

आपल्याकडेही 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, 1915 या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पाच लाख रुपयांपर्यंत मोल दिलेल्या वस्तूसंबंधी जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क नाही. देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. नव्या तंत्राचा प्रारंभ ज्या जिल्ह्यात झाला, तेथील माणसास ते तंत्र त्याच्या भाषेत समजावून सांगणे हा उपकार नव्हे. वस्तू घेताना तिची जोडणी करून दाखवा, असे आपण दुकानातच म्हणावयास शिकले पाहिजे. यंत्र मुके राहिले तर त्याचा दोष ग्राहकाने आपल्या माथी का घ्यावा?