मेमरीचा हिशेब माणसागणिक ठेवा

लंडनमधल्या एका संशोधन संस्थेचे सर्व्हर मी वेम्बलीतल्या घरून सांभाळतो. त्यातल्या एकाची मेमरी २५६ जीबी, आणि पंचवीस-तीस जण तो एकदम वापरतात. मागच्या महिन्यात एकाने त्यावर चाळीस प्रोसेस एकाच वेळी सोडल्या, प्रत्येक जेमतेम पाच जीबीची. एका विद्यार्थिनीचं साठ जीबीचं गणित तिथेच आठवडाभर चाललं होतं. मेमरी संपली तेव्हा लिनक्सच्या कर्नलने सगळ्यात मोठी प्रोसेस हेरून मारली, म्हणजे तिची. मुलीचं आठवड्याचं काम गेलं, त्या चाळीस प्रोसेस चालूच राहिल्या. याची मला चीड येते.

सामायिक मशीनवर मर्यादा प्रोसेसला नको, माणसाला हवी. लिनक्समधलं जुनं 'यूलिमिट' प्रत्येक प्रोसेस सुटी मोजतं. पाच-पाच जीबीच्या त्या चाळीसही त्यातून निसटल्या असत्या. कर्नलमधला 'सीग्रुप' मात्र एका वापरकर्त्याच्या सगळ्या प्रोसेसची बेरीज धरतो. गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये हे काम हाती घेतलं, २००८ मध्ये ते कर्नलमध्ये आलं. आता लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारी सिस्टमडी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा कप्पा आपणहून करते. त्यात 'मेमरीहाय' आणि 'मेमरीमॅक्स' अशा दोन ओळी घालायच्या. पहिली हद्द ओलांडली की त्याच माणसाचं काम मंदावतं. दुसरीपलीकडे जाऊ लागला, तर बळी त्याच्याच प्रोसेसचा जातो.

मशीन रिकामं असताना अडवता कशाला, असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे; गर्दीपुरतंच अडवणं इतरत्र चालतं. वेम्बली स्टेडियमवर सामना असला की आसपासच्या ठरावीक रस्त्यांवर परवाना असलेल्यांनाच गाडी लावता येते. पण सामन्याची तारीख आधी कळते, सर्व्हरवरची गर्दी सांगून येत नाही. शिवाय प्रोसेसरचा वेळ क्षणात दुसऱ्याकडे वळवता येतो. भरलेल्या मेमरीत कुणाचा तरी डेटा असतो, ती तशी काढून घेता येत नाही.

पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. अशा महासंगणकांवर काम रांगेत लावतानाच मेमरी मागून घेतात. मला काळजी आहे ती कॉलेजच्या विभागात सगळ्यांनी मिळून वापरायच्या एकुलत्या एक सर्व्हरची. तिथल्या प्राध्यापकांनी ही हद्द आजच घालावी, आणि सढळ घालावी. लॉगिन केल्याबरोबर तो आकडा दिसावा, जादा मेमरी कुणाकडे मागायची तेही दिसावं. कुणाला किती दिली आणि कधीपर्यंत, ही यादी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचता यावी.