अंडं, केळं आणि माळकऱ्याचं पोर

नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. जे खात नाहीत त्यांना केळं. माझ्या वर्गात एक माळकरी घरातला मुलगा. पहिल्याच आठवड्यात त्याचे वडील आले. "सर, आमच्या घरी आजोबांपासून माळ आहे. तेवढं बघा." मी काय वाद घालणार? आम्हीही पोरांना हलाल-हराम बोलायला लागल्यापासून शिकवतोच की. "काळजी करू नका भाऊ," म्हणालो. मात्र त्याला वेगळं बसवणार नाही, मित्राशेजारीच केळं खाईल, हेही सांगितलं.

आणखी एक बोललो, दूध-दही बंद करू नका. बाजरीची भाकरी, मटकी, शेंगदाणे उत्तमच. पण बी-12 जीवनसत्त्व त्यांत नसतं. दूधही सोडणाऱ्या घरांनी डॉक्टरांना विचारून मुलाला गोळी द्यायलाच हवी. (आमच्याकडे रोज मटण शिजतं असा अनेकांचा समज आहे. रोज वरणच शिजतं.)

जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यांचा निधी थांबवला. हवं तर लोकसहभागातून द्या, म्हणे. ऊसतोडीला गाव सोडून जाणाऱ्या पालकांकडे कसली वर्गणी मागायची? त्या माळकरी बापाने आपल्या मुलापुरतं मागितलं होतं, दुसऱ्याच्या ताटातलं काढा असं कधीच म्हटलं नव्हतं. शाकाहारी घरांच्या नावाने हा निर्णय कोणी खपवू नये.

तो वार आला की पोरं अजून विचारतात, "सर, आज अंडं आहे का?" विचारणाऱ्यांत ते माळकऱ्याचं पोरही असतं, मित्रासाठी.