शुद्ध मिठाचा हट्ट

बाळाची दृष्ट काढताना मीठ-मोहरी ओवाळून विस्तवावर टाकली की मीठ तडतडते. तडतड जास्त झाली तर दृष्ट मोठी होती, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. खरे कारण मिठाच्या खड्यातच असते. मिठागरात समुद्राचे पाणी आटून स्फटिक वाढत असताना खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब त्यात अडकून राहतात. विस्तवावर त्यांची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि खडा फुटतो.

अडकलेले पाणी मिठाला असे कमकुवत करते. पण मिठातली प्रत्येक अशुद्धी तेच करते असे नाही. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीनचे भारित कण एकाआड एक रचलेले असतात. स्फटिकावर जोर पडला की त्याचे थर सरकतात, मात्र अख्खा थर एकदम सरकत नाही. जड सतरंजी फरफटत नेण्याऐवजी तिला एक सुरकुती पाडून ती हाताने पुढे ढकलावी, तसे ते होते. अतिशुद्ध मिठात ही सुरकुती सहज पुढे जाते, म्हणून ते मऊ असते. सोडियमच्या काही जागी कॅल्शियम आले तर चित्र बदलते. कॅल्शियमवरचा विद्युतभार दुप्पट असल्याने तोल साधण्यासाठी सोडियमची एक जागा रिकामी राहते. कॅल्शियम आणि ती रिकामी जागा ही जोडी सुरकुतीची वाट अडवते आणि स्फटिक कठीण होतो. त्यासाठी दहा लाख कणांमागे काही मोजके कण पुरतात. पोटॅशियमचा भार सोडियमइतकाच असल्याने तेवढ्याच पोटॅशियमने फारसा फरक पडत नाही.

म्हणून ‘मीठ शुद्ध की अशुद्ध’ हा प्रश्नच अपुरा आहे. त्यात काय मिसळले आहे, किती आणि कशासाठी, हे विचारायला हवे. सध्या महागडे गुलाबी मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून घराघरांत पोहोचले आहे. त्याचा रंग मुख्यतः लोहाच्या संयुगांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे. तेवढ्या मिठातून मिळणारी खनिजे पोषणाच्या हिशेबात नगण्य आहेत. जे खरोखर हवे ते आयोडीन मात्र त्यात मुद्दाम घातले नसेल तर जवळजवळ नसतेच. साध्या समुद्री मिठाचीही तीच गत.

आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते, म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम. प्रौढाची रोजची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम, तर गरोदर स्त्रीची २५०. दूध, अंडी, मासे यांतून काही भाग मिळतो, तरी मिठाचा आधार मोठा आहे. गरोदरपणात आयोडीनची तीव्र कमतरता झाली तर गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ही हानी नंतर भरून निघत नाही.

याचा पुरावा भारतातच मिळाला. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या पुढाकाराने हिमालयातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू झाला. ते मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. इतके मिळवलेले केवळ ‘शुद्ध’ या शब्दाच्या मोहापायी गमावणे शहाणपणाचे नाही.

उपवासाच्या दिवशी शेंदेलोण वापरल्याने बिघडत नाही. रोजच्या भाजी-आमटीत मात्र आयोडीनयुक्त मीठच हवे, विशेषतः घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर. रक्तदाब असलेल्यांनीही मिठाचे प्रमाण कमी करावे, आयोडीनयुक्त मीठ सोडू नये. मिठातली मॅग्नेशियमची संयुगे हवेतला ओलावा ओढतात, म्हणून पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते आणि त्या ओलीत आयोडीनही घटते. यासाठी मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवावे आणि हाताळताना चमचा कोरडा असावा. दृष्टीचे मीठ विस्तवात जाते. बाळाचे खरे रक्षण त्याच्या आईच्या ताटातले मीठ करते.