मोहोळे जाळणे हा बंदोबस्त नव्हे

संपादक महाशय,

महाविद्यालयांच्या आवारातील आग्या मोहोळांचा समूळ बंदोबस्त करून त्यांच्या जागी मधपेट्या ठेवाव्यात, म्हणजे विद्यार्थ्यांची सुरक्षितता आणि परागीभवन ही दोन्ही साधतील, हे आपल्या गतांकातील लेखकाचे प्रतिपादन वस्तुस्थितीस सोडून आहे. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते आणि पेटीत नांदत नाही. पेटीत नांदते ती सातेरी किंवा परदेशातून आणलेली युरोपीय माशी. तेव्हा एकीचा उच्छेद करून दुसरीची स्थापना करणे म्हणजे कुळास बेदखल करून त्याच्या जमिनीवर पाहुणा वसवणे होय.

माशी डंख करते, हे नाकारीत नाही. परंतु फुलोरा सरताच ही वसाहत आपण होऊन स्थलांतर करते, म्हणून तोवर पोळे लागलेला सज्जा बंद ठेवून तेथील रात्रीचे प्रखर दिवे, ज्यांकडे ती आकर्षित होते, मालवावेत, एवढेच बहुधा पुरते. पुण्यात १९६२ पासून मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था असताना मशालवाल्या ठेकेदारास पाचारण कशासाठी?

शिवाय उघड्या मातीत बिळे करणाऱ्या एकांड्या माश्या आणि वाळक्या लाकडात घर करणारे भुंगे यांचा लेखात नामोल्लेखही नाही. फरसबंदी व विलायती हिरवळ आवरून करंज, शेवगा, तुळस यांस जागा द्यावी, आणि फुलोऱ्यातील कीटकनाशकांची फवारणी प्राचार्यांनी तूर्त तहकूब करावी.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक अध्यापक, सातारा