घर घेण्याआधी तीस वर्षे मागे पाहा

ताका घेताना आपण तो उलगडतो, उजेडात धरतो, वार मोजून घेतो. मग जन्माची कमाई घालून घर घेताना मात्र "माणूस ओळखीचा आहे" एवढ्यावर बयाणा का देऊन बसतो?

सातबारा किंवा मिळकत पत्रिका हाती आली म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा गैरसमज आहे. ती महसुली नोंद आहे. जाणकार वकील दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ साधारण ३० वर्षांची तपासतो, जुने फेरफार काढतो. आधी झालेली विक्री, नोंदवलेले गहाण, दाव्याची नोटीस, सरकारी शर्त हे त्यातून बाहेर येते. जागा वक्फची आहे का, तेही पाहावे. वक्फ मिळकतीच्या विक्रीस २०१३ च्या दुरुस्तीने साफ बंदी घातली आहे.

आमचाच अनुभव सांगतो. वडिलांचे घर आम्ही विकायला काढले. घेणाऱ्याच्या वकिलाने वारसनोंदीचा फेरफार काढला. त्यात आम्हा तिघा भावांची नावे होती. "वडिलांना मुलगी नव्हती का?" त्याने विचारले. आम्ही खाली पाहिले. बहिणीच्या लग्नात खर्च केला म्हणजे हिशेब मिटला, असे आम्ही धरून चाललो होतो. पण लग्नाच्या खर्चाने वारसाहक्क फिटत नाही. आई हयात नव्हती. शरियतप्रमाणे सात हिस्स्यांतील एक बहिणीचा होता. ती आली, विकणार म्हणून तिने सही केली, आपला हिस्सा घेतला. परक्याच्या वकिलाने आमचे डोळे उघडले, याची शरम आजही वाटते.

आणखी एक गोष्ट. आपल्यात तोंडी हिबा कायद्याने चालतो. त्याला नोंदणीची सक्ती नाही. म्हणून तो कुठल्याही सूचीत सापडेलच असे नाही. यासाठी मराठी व उर्दू दोन्ही वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी, घरात प्रत्यक्ष कोण राहते ते जाऊन पाहावे, शेजाऱ्यांना विचारावे.

वकिलाची फी जड वाटते. पण कोर्टाच्या तारखा त्याहून जड असतात. घेणाऱ्यांनी आधी तपासावे, मग बयाणा द्यावा. आणि विकणाऱ्यांनी, आमच्यासारखी वेळ येण्याआधी, बहिणीचे नाव कागदावर आणावे.